टॉन्सिल न काढणारे साडू

आमच्या साडूंसारखा कान-नाक-घशाचा सर्जन अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल. पोराचे टॉन्सिल जागच्या जागी ठेवून त्याला घरी पाठवताना यांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते इतरांच्या चेहऱ्यावर मुलीचं लग्न ठरल्यावरही दिसत नाही. लग्नाच्या पंगतीत कुणी जांभई दिली तरी हे वाकून आत डोकावणार. गुलमंडीजवळच्या त्यांच्या दवाखान्यात सुट्ट्या लागल्या की गर्दी उसळते. एकदा दौलताबादचे एक गृहस्थ दोन पोरं घेऊन आले. "थोरल्याचा घसा सारखा धरतोय. दोघांचंबी उरकून टाका." "धाकट्याला काय होतंय?" "त्याला काय नाय. पण पुन्हा पुन्हा कोण येणार?" साडूंनी थोरल्याला औषध दिलं, "बऱ्याच पोरांचं वयाबरोबर कमी होतंय, थोडं थांबा" म्हणाले आणि धाकट्याच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवून सगळ्यांना वाटेला लावलं.

आमच्या चिरंजीवांचा घसाही तेव्हा सारखा सुजायचा. "भाऊजी, काढून टाका एकदाचे," म्हणून बायको हट्टाला पेटली. "जेवतोय, झोपतोय, वाढतोय. घसा धरला की घेऊन या, बघत राहू," एवढंच उत्तर. बायको कितीतरी दिवस सख्ख्या बहिणीशी धड बोलली नाही. पुढे पोराचं दुखणं खरोखरच कमी झालं; त्याचं श्रेय ती हळदीच्या दुधाला देते.

आणि मग गेल्या वर्षी त्यांच्याच धाकट्या लेकीची वेळ आली. तिचा घसा फारसा दुखत नसे, पण ती झोपेत घोरायची आणि घोरता घोरता तिचा श्वासच अडकायचा. साडूंनी तपासण्या करून घेतल्या आणि सरळ सांगून टाकलं, "काढायचे." सगळे नातेवाईक अवाक. बायकोला तर राहवलंच नाही, "आमच्या वेळी थांबा म्हणालात!" ते शांतपणे म्हणाले, "घसा धरला तर थांबता येतं गं. श्वास थांबला तर नाय." आयुष्यभर एक गोष्ट सांगत आलेला माणूस दुसरी गोष्ट इतक्या सहज सांगू शकतो, हे पाहून मी थक्क झालो. आजही आहे.

ऑपरेशन त्यांनी मित्राकडे सोपवलं. साडू आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. तिच्या इवल्याशा चपला त्यांनी मांडीवर घेतल्या होत्या. कितीतरी आयांना या ऑपरेशनची बारीकसारीक माहिती देणारा हा माणूस एकाएकी माझ्याकडे, बँकेतल्या कारकुनाकडे वळला आणि हळूच म्हणाला, "लई दुखंल का हो तिला?"

"नाही दुखणार," मी म्हणालो. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.