मावशीच्या बाजूचा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या माणसाला खणखणीत घसा लागतो असं सगळ्यांना वाटतं. मावशीने मात्र शिकाऊ माणसावर आयुष्यात कधी आवाज चढवला नाही. तिचा राग निघायचा तो रस्त्यावरच्या बाकीच्यांवर. मागून कोणी हॉर्न मारला, की काच खाली करून ती त्याची अशी खरडपट्टी काढायची, की तो बिचारा पुढच्या सिग्नललाही शहाण्यासारखा उभा राहायचा. आत मात्र, शेजारी घामाघूम होऊन बसलेल्या माणसाला ती एवढंच म्हणायची, "बंद पडली? पडू दे. परत चालू कर."

नात्याने ती मावशी एकाच मुलीची. पण गल्लीत, गॅरेजात, लायसन्सच्या ऑफिसात, सगळीकडे तिला मावशीच म्हणत. गाडी छोटीशी, चारी कोपऱ्यांना पोचे आलेली. त्यातला एकही पोचा तिचा स्वतःचा नव्हता, हे ती न विचारताही सांगायची. शिकवायच्या गाडीला असतात तसे तिच्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा तिच्या. वेगळं होतं ते पुढेच. तिने गॅरेजवाल्याकडून आपल्या ब्रेकला एक बझर लावून घेतला होता. तिचा पाय पडला रे पडला, की "टूं" असा आवाज यायचा.

गॅरेजवाला म्हणाला होता, लोक हे लपवतात, तू दवंडी कशाला पिटतेस, शिकणाऱ्याचा हिरमोड होईल. मावशीने त्याला ऐकवलं, "गाडी त्याने थांबवली की मी, हे त्याला कळायला नको? नाहीतर जन्मभर वाटत राहील, आपल्याला जमतंय म्हणून."

हे शहाणपण तिला कोणी दिलं, तेही सांगायला हवं. तरुणपणी ती बसडेपोच्या चौकशीच्या खिडकीत बसायची. कुठली बस कधी सुटते, एवढंच दिवसभर सांगायचं, आणि समोरून बसा सुटताना बघायच्या. आपणही चालवावी असं तिने एकदा बोलून दाखवलं, तेव्हा डेपोत हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. एक म्हातारा ड्रायव्हर तेवढा हसला नाही. निवृत्तीला टेकलेला, तंबाखूने दात काळे झालेला. डेपोमागच्या मोकळ्या मैदानात, शिकवायच्या जुनाट गाडीत त्याने तिला बसवलं.

पहिले काही दिवस तिची नजर रस्त्यावर कमी आणि म्हाताऱ्याच्या पायांवर जास्त. त्याचा पाय ब्रेककडे सरकला की हिचे हात ढिले पडायचे. म्हाताऱ्याच्या ते लक्षात आलं. एके दिवशी गाडी चालू असताना त्याने चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि जेवायला बसल्यासारखी सीटवर मस्त मांडी ठोकली. "आता माझ्या पायांकडे बघून काही मिळायचं नाही," तो म्हणाला, "समोर बघ." ती भीतीने रडली, मनातल्या मनात त्याला शिव्याही दिल्या, पण रडत रडत मैदानाला पूर्ण फेरी मारली. आज आपलं पोट भरतंय ते त्या मांडीमुळे, असं ती पुढे सगळ्यांना सांगायची.

धाकटी बहीण आजारपणात गेली तेव्हा भाची जेमतेम तिसरीत होती. बापाची नोकरी फिरतीची. तेव्हा पोरगी मावशीकडे आली आणि शाळा सुटल्यावर तिला ठेवायचं कुठे हा प्रश्न आला. मावशीने तो आपल्या पद्धतीने सोडवला आणि तिला गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं. तिथेच तिचा अभ्यास झाला, तिथेच डबा, तिथेच दुपारची डुलकी. शिकाऊ लोकांच्या गचक्यांनी तिचं अक्षर वाकडं झालं ते झालंच.

पोरगी सावकाश होती. मंद नव्हे, सावकाश. कुठलीही वस्तू हातात आली की उलटीपालटी करून बघणार, मग बोलणार. जगाला एवढा दम कुठला? शाळेत बाई तिचं वाक्य पुरं करून टाकायच्या. मैत्रिणी तिच्या हातातली कात्री ओढून घ्यायच्या, "दे इकडे, मी करते." हे "दे इकडे" ऐकून ऐकून तिने हात पुढे करणंच सोडत आणलं होतं. मावशीच्या गाडीत मात्र हे शब्द कधी कोणाच्या कानावर पडले नाहीत.

आणि त्या गाडीतच तिला आपलं काम सापडलं. एक सुतार मावशीकडे शिकायला आला, एक पाय कृत्रिम. शिकवणी संपल्यावर त्याने पॅन्ट वर करून तिला गुडघ्याचा सांधा कसा वळतो ते दाखवलं. पोरीने इतके प्रश्न विचारले की पुढचा शिकाऊ ताटकळत उभा राहिला. हे बनवतं कोण, हा शेवटचा प्रश्न. कोणीतरी बनवतंच की, सुतार म्हणाला. त्या दिवसापासून ते "कोणीतरी" आपणच व्हायचं, हे तिच्या डोक्यातून गेलं नाही.

बारावी झाली आणि कॉलेज निवडायची वेळ आली. मग काय, ज्याच्या त्याच्या तोंडी कॉलेज. मामा म्हणाला, नाव बघा, नावावर सगळं चालतं. समोरची औषधांच्या दुकानातली बाई म्हणाली, नोकऱ्या किती लागतात ते बघा. बापाने फोनवर हॉस्टेलचं विचारलं. ज्याला जे मिळालं नव्हतं, ते त्याला सगळ्यात महत्त्वाचं वाटत होतं. मावशी सगळ्यांना एकच उत्तर द्यायची: तिचं ती ठरवेल.

शेवटी कृत्रिम हातपाय बनवायला शिकवणारी दोन कॉलेजं उरली. एक घरापासून चालत जाण्याइतकं, काचेची इमारत, मोठं नाव. दुसरं दूरच्या शहरात, अर्ध्या दिवसाच्या रस्त्यावर, नाव सांगितलं तर लोक "कुठलं म्हणालात?" विचारतील असं. दोन्ही बघून यायचं ठरलं.

जवळच्या कॉलेजात एका हसऱ्या मुलाने त्यांना सगळं फिरवून दाखवलं. कॉम्प्युटरवर पायाचं चित्र फिरवून बघ म्हणाला. भाचीने माऊस हातात घेतला, ती बघत राहिली. दोन क्षण झाले असतील नसतील, मुलगा म्हणाला, "दे इकडे, मी दाखवतो." चांगला होता हो पोरगा, मनात काही वाईट नव्हतं. भाचीने माऊस दिला आणि हात खिशात घातले.

दूरच्या कॉलेजात काच नव्हती. मोठं वर्कशॉप होतं, सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ. एक विद्यार्थिनी साच्यातून प्लास्टरचा पाय काढत होती, तो तिच्या हातात मधोमध तडकला. शिकवणाऱ्या मॅडम शेजारीच होत्या. मावशीने पाहिलं, मॅडमनी आपले दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरले होते. "बरं," त्या म्हणाल्या, "आता काय करशील?" आणि थांबल्या. चांगल्या थांबल्या. ती मुलगी तुकडे जुळवत, पुटपुटत, कुठे चुकलं ते शोधत राहिली. भाचीचे हात खिशातून कधी बाहेर आले ते तिलाही कळलं नाही.

मावशीला मात्र कळलं. मैदानातला म्हातारा तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. हेच ते कॉलेज, हे तिला त्या क्षणी लख्ख समजलं. आणि त्याच क्षणी पुढचंही दिसलं. घरातली दुसरी थाळी, मागच्या सीटवरचं दप्तर, सगळं जाणार होतं.

म्हणून परतीच्या रस्त्यावर ती बोलली ते वेगळंच. हॉस्टेलच्या जिन्यात दिवा नव्हता, पाहिलंस? तिथली हवा दमट आहे, तुला सर्दी होते. जेवणाचा हॉल काही मला आवडला नाही. प्रत्येक वाक्याच्या शेवटी पुस्ती होतीच, "अर्थात, तुझं तू ठरव." घरी आल्यावरही तेच. चार दिवस ती त्या जिन्यातल्या दिव्याचं पालुपद आळवत होती.

चौथ्या दिवशी जेवताना भाचीने घास खाली ठेवला. नेहमीसारखाच वेळ घेतला. मावशीनेही सवयीप्रमाणे तिचं वाक्य पुरं केलं नाही.

"ठीक आहे मावशी. जवळचंच घेते मी. पण थांबवलं कोणी, ते मला कळलंय." मग ती हळूच, अगदी बझरच्या आवाजात म्हणाली, "टूं."

रागाने म्हणाली असती तर मावशीने दोन हात केले असते. पण पोरगी रागावली नव्हती. तिने परत जेवायला सुरुवात केली, आणि आणखी थोडी भाजी मागून घेतली.

मावशीने ताट तसंच बाजूला सरकवलं. हात धुऊन ती खाली गेली आणि गाडीत बसली, सवयीने आपल्या बाजूला. पायाशी आपला ब्रेक. तिने तो एकदा दाबला. टूं. इतक्या लोकांना तिने हा आवाज ऐकवला होता, आणि स्वतःच्या घरात तेवढा बंद ठेवला होता. तिला स्वतःची लाज वाटली. पण त्या लाजेबरोबर एक गोष्ट अशी आली की तिला बसल्या जागी रडू फुटलं. तिने शिकवलेलं कोणीतरी इतकं नीट शिकलं होतं, की तिलाच तिची चूक दाखवू शकलं, तेही न चिडता. देवाने आपल्याला पोरगी दिली नाही असं ती कधीमधी म्हणायची. त्या दिवसानंतर ते वाक्य तिने पुन्हा उच्चारलं नाही.

वर येऊन ती भांडी घासणाऱ्या भाचीच्या मागे उभी राहिली. "मी घाबरले होते," ती म्हणाली. "एकटी राहायला. त्या जिन्याचं काही नाही गं. ती बाई हात मागे धरून उभी होती, तेव्हाच मला कळलं होतं."

"मलापण," भाची म्हणाली.

जायच्या दिवशी गाडी भाचीनेच चालवली. लायसन्स तिचं स्वतःचं, आणि तेही पहिल्या फटक्यात मिळालेलं. मागच्या सीटवर गादी, बादली, कपडे, आणि मावशीच्या पिशवीत जिन्यासाठी एक दिवा. गावाबाहेर रस्ता मोकळा झाला तशी मावशीने चपला काढल्या. पट्टा सैल केला नाही, पण मोठ्या कष्टाने, गुडघा कुरकुरत असताना, एक पाय वर घेतला, मग दुसरा, आणि सीटवर मांडी घातली.

भाचीने ती म्हाताऱ्याची गोष्ट लहानपणापासून ऐकली होती. तिने एकदा बाजूला पाहिलं. तिचे डोळे भरून आले.

"समोर बघ," मावशी म्हणाली.

वाटेत मावशीने एकही सूचना दिली नाही. फक्त एका ट्रकवाल्याला तिने काच खाली करून काय ते सुनावलं. कॉलेजच्या फाटकाशी गाडी थांबली, तेव्हा मांडी मोडेना. दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. मावशी बसल्या जागी हसायला लागली, आणि हसता हसता कण्हायला. भाची वळसा घालून आली, दार उघडलं, दोन्ही हात पुढे केले. ओढलं नाही. नुसते हात पुढे धरून उभी राहिली.

"घाई नाही," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "मावशी, मला जे काही येतं ना, ते त्या मागच्या सीटवर बसून आलंय."

मावशीने नाक पुसलं. "बझर वाजला का गं वाटेत?"

"एकदाही नाही."

मग मावशीने तिचे हात धरले आणि एक पाय सावकाश खाली टेकवला.