थोरलीचे डबे

आई घरातली थोरली सून. सासू-सासरे तिला थोरली म्हणत, मग गल्लीही म्हणू लागली, आणि धर्माबादच्या मिरचीचा तिचा काळा मसाला 'थोरली मसाला' म्हणूनच खपू लागला. मुद्दाम नाव ठेवायला कुणी बसलं नव्हतं.

अलीकडे एका बड्या कंपनीनं त्याच नावाचा मसाला बाजारात आणला आणि वर आम्हालाच नोटीस धाडली, की नाव आमचं आहे, वापरणं बंद करा. माझं डोकंच फिरलं. मसाला दुसऱ्या नावानं विकू, असं मी आईला म्हणून पाहिलं.

"सासरी आल्यापासून ह्याच नावानं वळखतेत मला," आई म्हणाली. "ते कसं देऊ?"

नांदेडच्या वकिलांनी विचारलं, हे नाव कंपनीच्या आधीपासून तुमचं, याला पुरावा काय? मसाला सगळा सुटा विकलेला. पावती कुणी मागितली नाही, आम्ही दिली नाही.

तेव्हा मला बाबांची खोड आठवली. आमच्याकडे लग्नात भांडं द्यायचं तर त्यावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरून घेतात. बाबा मसाल्यानं भरलेला स्टीलचा डबा द्यायचे आणि त्यावर स्वतःच्या नावाऐवजी 'थोरली मसाला, धर्माबाद' कोरून आणायचे. मांडवात आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आहेर करायलेत का जाहिरात, यावर दर लग्नसराईत घरात भांडण ठरलेलं.

मी फोन फिरवले. गल्लीतल्या लेकी देवणीहून, किल्लारीहून, लातूरहून डबे घेऊन वकिलांकडे हजर झाल्या. एकीनं तर तुरीच्या डाळीसकट आणला. कोरलेलं नाव नेमकं बुडाला, म्हणून वकीलसाहेबांनी स्वतः डाळ वर्तमानपत्रावर ओतली, डबा उपडा केला आणि फोटो काढला. कंपनीच्या जन्माआधीच्या तारखा निघाल्या. बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत वरबापासारखे बसून होते. मला त्यांचा भलताच अभिमान वाटला.

शेवटी कंपनीचं पत्र आलं. नोटीस मागे घेतली आहे, हे नाव तुम्ही वापरण्यास आमची हरकत नाही. मी ते आईला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"मला थोरली म्हणायला त्येंची हरकत न्हाई म्हणं," ती म्हणाली. "लई उपकार झाले." आणि हसता हसता ती रडायला लागली.