वडिलांचा रक्तदाब

शनिवार, ९ फेब्रुवारी २००८, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. अमरावतीच्या पोलीस मुख्यालयात, अर्धवट लोटलेल्या एका दाराबाहेर मी बाकावर बसले होते आणि आत माझे वडील बोलत होते.

ते बोलत होते, हेच नवल. भातकुली ठाण्यात ते हवालदार. त्या वर्षांत गळफासाची किंवा विषप्राशनाची वर्दी आली की बहुधा त्यांनाच पाठवले जाई. घरी आल्यावर ते ताट सरकवून अंगणात जाऊन बसत. मी अकोल्यात जीवरसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात पहिली; मला निदान सोपे वाटले. रक्तदाबामुळे मीठ कमी केले आहे, अन्न बेचव लागते, म्हणून जेवत नाहीत. दर शनिवारी घरी येऊन मी रक्तदाब मोजी, आहार बदलून देई. वरचा आकडा एकशे साठच्या खाली येत नव्हता. अखेर साहेबांनी त्यांना समुपदेशक बाईंकडे धाडले. त्या माझ्याहून फार तर तीन वर्षांनी मोठ्या असतील.

"पंचनामा होईस्तोवर कशालेच हात लावता येत नाई, मॅडम," बाबा सांगत होते. "चुलीवर वांग्याची भाजी होती. मी लिहून राहिलो अन् भाजी करपून राहिली. जिनं चढवली, तिचाच पंचनामा होता. आता घरी फोडणीचा वास आला का मले तेच घर दिसते."

बाई नुसत्या ऐकत होत्या. मला तोवर तीन उपाय सुचले होते.

थोड्या वेळाने आतून बाबांचे हसणे ऐकू आले. कशावर हसले, कळले नाही. मत्सर हाच त्या क्षणाला नेमका शब्द.

फाटकाबाहेर बाबांनी विचारले, "काहून रुसली, माय?"

"तुमी मले काहून नाई सांगतलं?"

"तुले सांगतलं का तू औषध सांगते."

"मंग त्यायनं काय सांगतलं?"

"काईच नाई. पुढच्या शनिवारी या म्हने."

शनिवार माझा होता.

संध्याकाळी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. आकडा उतरला होता. एका मापावरून निष्कर्ष काढू नये, म्हणून दुसऱ्या दंडावर मोजले.

"कमी आला का?" बाबांनी विचारले.

"आला."

रविवारी आईला यंत्र वापरायला शिकवले आणि पुढचा शनिवार त्या बाईंना सोडून दिला. माझ्या हातची शेवटची नोंद: १३८/८६.