रक्त पिणारा बाप आणि लाल रिबिनी

मित्रहो, तुळजापूरच्या कथास्पर्धेहून नुकताच घरी परतलो आहे. आनंद आवरत नाही, म्हणून लिहितो.

माझी मुलगी वैदेही हिने आज व्हॅम्पायर कुटुंबाची स्वतः लिहिलेली कथा वाचली. तीत आई शिकारीला बाहेर पडते आणि बाप घरी राहून एका अनाथ मानवी मुलीला वाढवतो. व्हॅम्पायर आरशात दिसत नाही. त्यामुळे शाळेच्या वेळी तो वेण्या घालू लागला, की त्या मुलीला आरशात आपल्या वेण्या आपोआप गुंफल्या जाताना दिसतात.

परीक्षक म्हणाले, "कल्पना छान आहे. पण बाप वेण्या घालतो, हे काही पटत नाही. तिथं आई करा, पहिला क्रमांक तुमचाच."

वैदेही शांतपणे म्हणाली, "नाही सर. बापच राहील."

तेवढ्यात मागच्या रांगेतून माझ्या पत्नीचा आवाज आला. ती एसटीत वाहक आहे. खाकी गणवेशातच आली होती.

"सर, रक्त पिणारा बाप पटला, अन् वेण्या घालणारा पटंना व्हय? माझी पहाटंची गाडी असायची. पोरीच्या वेण्या ह्यांनीच घातल्या, पार दहावीपर्यंत!"

एकच हशा उसळला. परीक्षकांनी हसतच मला विचारले, "खरं का हो?"

मी उभा राहिलो. "खरे आहे. भांग नाकाच्या रेषेत, आणि रिबिनीची दोन्ही फुले एकसारखी."

पहिला क्रमांक वैदेहीलाच मिळाला, कथेतला एकही शब्द न बदलता.

आपल्यापैकी कोणाच्या वेण्या वडिलांनी घातल्या असतील, तर आज त्यांचे नाव येथे अवश्य लिहा. ते आरशात दिसलेच पाहिजेत.