पितळी टोकन

घुमट बघायला जायचं तर हात मोकळे हवेत. पिशवी नको, पाण्याची बाटली नको, छत्री तर मुळीच नको. आत राज्यकारभार चालतो आणि वरच्या सज्जातून अख्खं शहर दिसतं, म्हणून बघ्यांची रांग रोज लागते. पिशवी घेऊन आलेल्याला दारावरचा पहारेकरी परत पाठवतो आणि वर पत्ताही सांगतो. रस्ता ओलांडा, निळा दरवाजा, टोकनमावशी.

टोकनमावशी तशी कुणाचीच मावशी नाही. सख्खी भाची एकच, आणि तीही हिच्याशी बोलत नाही, पण तो विषय वेगळा. राहत्या घराची पुढची खोली तिने लोखंडी रॅकने भरून टाकली आहे. कोण काय ठेवून गेलं हे तिला न उघडता कळतं. अर्धी चेन उघडी असेल तर माणूस भोळा, दोन-दोन कुलपं असतील तर आत जुने कपडे. घरात दुसरं माणूस म्हणजे नणंद. नवरा गेल्यापासून दोघी एकमेकींना धरून आहेत, आणि धरून म्हणजे अक्षरशः धारेवर धरून.

टोकन लाकडाचं असतं, दोरी लावून गळ्यात घालायचं. सुरुवातीला पितळी होतं. पण फाटकावर धातूची प्रत्येक वस्तू प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवावी लागते. पलीकडे गेलं की माणूस घड्याळ उचलतो, किल्ल्या उचलतो आणि टोकन ट्रेमध्ये विसरतो. दहांतले तीन तरी विसरायचे. पहारेकरी संध्याकाळी मूठभर टोकनं आणून द्यायचा आणि तोवर इकडे टोकनं कमी पडायची. म्हणून पितळी टोकनं डब्यात गेली आणि लाकडी आली.

आणखी एक गोष्ट त्या खोलीत आहे, भिंतीवरची पाटी. हाताने लिहिलेली, वळणदार अक्षराची, आता पिवळी पडलेली. 'टोकन हरवल्यास मालकाने पिशवीतील पाच वस्तू सांगाव्यात. सर्वांसमोर पिशवी रिकामी करून पडताळणी करावी. ओळख चालणार नाही.'

गंमत अशी, की मावशीने हा नियम कधीच पाळला नाही. टोकन हरवलं तर ती तोंड बघून पिशवी द्यायची.

"मग पाटी कशाला लावलीस, वहिनी? भिंतीला भोक पडलंय का?" नणंद विचारायची.

"एका माणसासाठी लावलीय."

त्या माणसाला सगळे कलमसाहेब म्हणत. अकरा वर्षांपूर्वी फाटकाच्या आतच सरकारी सामानघर होतं, मावशी तिथे कामाला होती आणि हा तिचा साहेब. शिंक आली तरी कोणत्या कलमाखाली आली ते सांगणारा. एकदा एका पाहुण्याची दुर्बीण हरवली. कलमसाहेबाने मागचापुढचा विचार न करता भरल्या रांगेसमोर मावशीची स्वतःची पिशवी टेबलावर उपडी केली. डबा निघाला, कंगवा निघाला, गोळ्यांची पट्टी निघाली आणि शिंप्याकडे टाकायला आणलेला उसवलेला परकर निघाला. तो त्याने लाकडी पट्टीच्या टोकाने उचलला, वर धरला आणि विचारलं, "ही दुर्बीण का?" रांग खो खो हसली. दुर्बीण सापडली नाही, नोकरी मात्र गेली.

महिन्याभराने त्या पाहुण्याचं पत्र आलं, दुर्बीण कोटाच्या खिशातच होती, क्षमा असावी. सामानघरातल्या कारकुनाने मावशीला हे गुपचूप सांगितलं. साहेबाने पत्र फाइलमध्ये घातलं आणि फाइल कपाटात. चूक मान्य करण्याचं कलम नाही, म्हणाला म्हणे.

मावशीने निघताना सामानघरातली एकच वस्तू उचलली होती, त्याच्या हातची ती पाटी. म्हणजे चोरी तिने केली, पण आरोपानंतर. पुढे पहारा कडक झाला, फाटकाच्या आत पिशव्या ठेवायलाच बंदी आली, सामानघराला टाळं लागलं आणि हिची खोली चालू लागली. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, देवाने न्याय केला. मावशी म्हणाली, देवाने अर्धाच केला, उरलेला मी करते.

आणि गेल्या मंगळवारी दुपारी तो आला.

केस गेलेले, पोट आलेलं, पण मान तशीच ताठ. बरोबर लेकीचे सासू-सासरे, चार दिवस पाहुणे म्हणून आलेले. घरी रंगकाम चाललेलं, म्हणून व्याह्यांनीच लॉजमध्ये सगळ्यांच्या खोल्या घेतल्या होत्या. साहेबाने त्यांना सांगून ठेवलं होतं, घुमटावर मला कोण अडवतोय. आणि फाटकावरचा पोरगेला पहारेकरी त्याला म्हणाला होता, "बाबा, पिशवी बाहेर."

ज्याने वीस वर्षं लोकांच्या पिशव्या अडवल्या, तोच पिशवी घेऊन आला होता.

"एक पिशवी," तो मावशीकडे न बघताच म्हणाला. "आणि नीट ठेवा. मी इथलाच जुना अधिकारी आहे."

"हो का? बरं झालं, सांगितलंत."

ओळखलं नाही त्याने. मावशीचे केस पांढरे झालेत, चष्मा आलाय, पण इतकंही काही बदललं नव्हतं. ज्या बाईचं आयुष्य उलटंपालटं केलं तिचं तोंडही याच्या लक्षात नाही, हेच तिला जास्त झोंबलं. तिने लाकडी टोकनांवरचा हात उचलला आणि खालचा डबा उघडला.

"वहिनी, ते पितळी..." नणंदेच्या तोंडून निघालंच.

"वन्सं, तुम्ही जरा मागचा रॅक पुसा."

तो गेला. नणंद फडकं हातात घेऊन तशीच उभी.

"तोच का गं?"

"तोच."

"आणि नाही विसरला तर?"

"तर हसून पिशवी देईन. आणखी अकरा वर्षं आहेत माझ्याकडे."

"तुझ्याकडे असतील. त्याच्याकडे बघून तसं वाटत नाही."

दोन तास मावशी खिडकीतून हलली नाही. चहा समोर आला, त्याच्यावर साय धरली. गिऱ्हाइकं आली, गेली, एकाला तिने दुसऱ्याची छत्री दिली. गेल्या कित्येक वर्षांतली तिची ही पहिली चूक.

साडेतीनला तिघं परत आले. व्याही खुशीत, विहीणबाई दमलेल्या. कलमसाहेबाने एक खिसा चाचपला, मग दुसरा, मग पहिला पुन्हा.

"टोकन?" मावशी म्हणाली.

"इथेच होतं. जाऊ द्या हो, ती बघा माझी पिशवी, ती तपकिरी."

"ओळख चालत नाही."

"अहो, मी इथला..."

"पाटी वाचा."

वाचली व्याह्यांनी, मोठ्याने. वाचता वाचता थांबले. "व्याहीबुवा, हे अक्षर तुमचं हो. पत्रिकांवरचे पत्ते तुम्हीच लिहिले होते ना? हा 'ळ' असा दुसरा कुणी काढत नाही."

साहेबाने पाटीकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मावशीने सावकाश, चव घेत बघितलं.

"पाच वस्तू," ती म्हणाली.

"शाल. चष्म्याचं घर. वर्तमानपत्र. औषधांचा डबा."

"चार झाल्या."

"आणि... कपडे."

मावशीने खणातून लाकडी पट्टी काढली. पिशवी टेबलावर उपडी केली आणि पट्टीच्या टोकाने एकेक वस्तू बाजूला सारायला लागली. मागे सात-आठ माणसं जमली होतीच, फुकटचा तमाशा कोण सोडतंय. शाल निघाली, चष्म्याचं घर निघालं, वर्तमानपत्र, डबा. आणि तळाला दोन जाड, कोरे पांढरे टॉवेल. मावशीने एक पट्टीवर उचलून वर धरला. कोपऱ्यात लॉजचं नाव शिवलेलं होतं.

"हे कपडे का?" तिने विचारलं.

विहीणबाईंनी तोंडावर हात धरला. "अगं बाई. तुमच्या खोलीतले टॉवेल कमी आहेत म्हणून सकाळी लॉजवाल्यांनी खोल्या आवरणाऱ्या बाईला धरलं. मीही दोन शब्द सुनावले तिला. उद्यापासून येऊ नको म्हणालेत तिला."

"तुम्ही कुठे होता तेव्हा?" मावशीने साहेबाला विचारलं.

"तिथेच उभे होते," विहीणबाई म्हणाल्या. "म्हणाले, अशा बायकांवर नजर ठेवावी लागते."

"चुकून आले असतील," साहेब पुटपुटला.

"घड्या घालून?" नणंद मागून म्हणाली.

इथवर मावशीच्या मनात फक्त त्याचं हसं करायचं होतं. आता तिला जास्त हवं होतं. तिने वही पुढे केली, खाली कार्बन सरकवला. "लिहा. लॉजचे दोन टॉवेल माझ्या पिशवीत मिळाले, खोल्या आवरणाऱ्या बाईचा दोष नाही. सही करा."

"हे पाटीवर नाही."

"नाही. हे कलम माझं. लिहा, नाहीतर पिशवी इथेच राहील, आणि तुम्ही जुने अधिकारी आहात, तक्रार कुठे करायची ते तुम्हाला माहीतच असेल."

व्याही छताकडे बघत होते. विहीणबाई मात्र सरळ साहेबाकडे. त्याने लिहिलं. अक्षर पहिल्यासारखं वळणदार आलं नाही. विहीणबाईंनी वरचा कागद आणि टॉवेल स्वतःच्या ताब्यात घेतले, कार्बनची प्रत मावशीकडे राहिली.

जाता जाता तो दारात थबकला. पट्टीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "तू... तीच ना?"

"ओळख चालणार नाही," मावशी म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला लाकडी टोकन दिलं.

संध्याकाळी पहारेकरी पितळी टोकन आणून देऊन गेला. मावशीचा विहीणबाईंवरही विश्वास नव्हता, तिने नणंदेला लॉजवर फोन करायला लावला. कागद पोचला होता, बाई कामावर राहिली होती. कार्बनची प्रत पाटीखाली चिकटवून झाली.

"मग आता तरी समाधान?" नणंदेने विचारलं. "उतरवायची का पाटी?"

मावशी डब्यात टोकन ठेवत होती. अगदी वर ठेवलं तिने, हात घातल्याबरोबर सापडेल असं.

"दुर्बिणीचं फिटलं," ती म्हणाली. "टॉवेल तर लॉजचा होता. परकराचं राहिलंय."