शेवंती उभीच आहे

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी जरा आडवी होते. पुस्तक छातीवर उपडं आहे. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्टी द्यायच्या बेतात आहे आणि मी उगाच तिची वाट बघते आहे. शिट्टी होते तेव्हा ती कुकरची राहिलेली नसते. गाडी मागे घेताना कंडक्टर वाजवतात तशी ती लांब आणि तुटक येते, आणि मी सातारा स्टँडवर उभी असते.

चौकशीच्या खिडकीत माइकपुढे तात्या बसले आहेत. तात्या म्हणजे माझे वडील. एकतीस वर्षं ते याच स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. जानेवारीत गेले. ते गेलेत हे मला इथेही ठाऊक आहे. मला नवल वाटतं ते त्यांच्या बोलण्याचं, कारण अर्धांगाचा झटका आल्यानंतरची शेवटची दोन वर्षं त्यांच्या तोंडून एक शब्द धड निघत नव्हता.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे," तात्या म्हणतात. आवाज तोच, खणखणीत. "मेढामार्गे महाबळेश्वरला जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर लागली आहे. तसेच आमची रेवती काहीतरी सांगायला आली आहे, तिला वाट द्यावी."

"तात्या, हळू. सगळे ऐकतायत."

"ऐकू देत की. तुला कायम लोकांचीच पडलेली."

ते हसून म्हणतात. मी खाली बघते. खाली फरशी नाही, भुसा मिसळलेली तांबडी माती आहे. फलाट सहावर गाडी नाही. तिथे शेवंती उभी आहे.

शेवंती म्हणजे घोडी. गावाबाहेरच्या माळावर एक केंद्र होतं. चालता न येणारी, बोलता न येणारी माणसं तिथे घोड्यावर बसत. घोड्याच्या चालीने बसलेल्याची कंबर आपण चालताना हलते तशी हलते, आणि शरीराला हळूहळू जुनं काहीतरी आठवतं, असं तिथल्या फरीदा मॅडम सांगायच्या. मी दर शनिवारी तात्यांना न्यायची. शेवंतीच्या पाठीवर खोगीर नसे, फक्त जाड घोंगडी. केंद्रातले ढेबेमामा पुढे दोर धरून तिला रिंगणात फिरवायचे. दोन्ही बाजूंना एकेक माणूस, बसलेल्याच्या मांडीवर आडवा हात ठेवून चालायचं. डावीकडे मी असायची. नियम एकच होता. बसलेल्या माणसाने स्वतः 'चल' म्हटल्याशिवाय घोडी हलवायची नाही. कितीही वेळ लागो, त्याच्या वतीने कुणी बोलायचं नाही.

आता तात्या शेवंतीवर बसलेले आहेत. ते खिडकीतून केव्हा उठले ते मी बघितलं नाही. माझा हात त्यांच्या मांडीवर आहे. ढेबेमामांच्या गळ्यात कंडक्टरची चामडी पिशवी आहे.

"काय सांगायचंय?" तात्या विचारतात.

"त्या शनिवारचं."

"शनिवार पुष्कळ झाले. कुठला?"

त्यांना ठाऊक आहे कुठला. त्यांना तो माझ्या तोंडून ऐकायचा आहे. स्टँडवर चुकलेल्या ड्रायव्हरला ते असंच करायचे, ओरडत नसत, सगळं त्याच्याकडूनच वदवून घेत.

"तीन महिन्यांनी तुम्हाला 'च' यायला लागला होता," मी म्हणते. "त्या दिवशी तुम्ही नुसतं 'च, च' करत होतात. ओठातून लाळ गळत होती. कुंपणाशी आमच्या ऑफिसातल्या चिटणीसबाई पुतण्याला घेऊन थांबल्या होत्या. पुतण्या हसला. म्हणाला, आजोबा पाल बोलवतायत."

"बरोबर बोलला. तसंच ऐकू येत होतं."

"मी त्याच्याकडे बघितलं नाही. तुमचं तोंड पुसलं, आणि मीच म्हटलं."

"काय म्हटलंस?"

"चल."

शेवंती हलत नाही. त्या शनिवारी मात्र हलली होती. मुकाट्याने दोन पावलं पुढे गेली होती, आणि तात्यांनी वळून माझ्याकडे बघितलं होतं. रागाने नाही. स्टँडवर आपल्या हातातला माइक कुणी काढून घ्यावा, तसं. फरीदा मॅडम एवढंच म्हणाल्या, "ताई, ते अगदी जवळ आले होते हो." पुढचे दोन शनिवार तात्यांनी तोंडच उघडलं नाही. मग मी त्यांना न्यायचं बंद केलं.

"किती वेळ झाला होता?" तात्या विचारतात.

"तीन मिनिटं असतील."

"मला किती लागली असती?"

"माहीत नाही."

"मलाही नाही," ते म्हणतात. "ते आता कळायचं राहिलं."

आता रिंगण आमच्या स्वयंपाकघरात आहे. शेवंती फ्रिज आणि जेवणाच्या टेबलामध्ये अंग चोरून उभी आहे. मी ओट्याशी फोनवर बहिणीला सांगते आहे, "अगं, झेपत नाही त्यांना घोडं. डॉक्टरच नको म्हणाले." डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. तात्या शेवंतीवरून ऐकत आहेत. तेव्हाही ऐकत होते, टेबलाशी बसून, समोरची भाकरी चिवडत. त्यांना बोलता येत नव्हतं, समजत सगळं होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

"तात्या, माझं चुकलं."

"ऐकलं."

मी वाट बघते. असू दे, जाऊ दे, असं काहीच नाही. शेवंती कान हलवते.

"आता सगळं बोलता येतं बघ," ते म्हणतात. "गाड्यांची नावं येतात. शिव्या येतात. तुझ्या आईचं माहेरचं नाव येतं. तेवढं एक अजून येत नाही."

टेबलाभोवती प्रवासी बसलेले आहेत, मांडीवर बोचकी, पायाशी पिशव्या. चिटणीसबाई खिडकीजवळच्या जागेवर आहेत. सगळे आमच्याकडे बघतात. तात्या घोंगडीवर ताठ होतात.

"च," ते म्हणतात.

मांडीचा स्नायू माझ्या हाताखाली घट्ट होतो.

"च. च."

लाळ हनुवटीवर येते. रुमाल माझ्या कमरेला खोचलेला आहे. मी हात मांडीवरून उचलत नाही.

"अहो बाई, तुम्ही सांगा की घोड्याला!" मागून एक माणूस ओरडतो. "आम्हाला पुढं गाडी धरायचीय!"

"गप बसा वो पाव्हणं," ढेबेमामा दोर न हलवता म्हणतात. "मालक बोलत्यात."

चिटणीसबाई घड्याळ बघतात. कुणीतरी हसतं. माझ्या तोंडात तो शब्द तयार आहे. अख्खा, गुळगुळीत, काही कष्ट न पडता येणारा. तो आता बाहेर येणार हे मला कळतं. लाज मानेवरून कानापर्यंत चढते, आणि या वेळी ती त्यांची वाटत नाही, माझी वाटते. मी जीभ दातांत धरते. शब्द रेटतो. मी आणखी जोरात धरते.

"च…" तात्या म्हणतात. त्यांच्या पोटातून काहीतरी वर येत आहे, मला ते हाताला लागतं. "च…"

खोलीत ऊन आहे. पडद्याची सावली भिंतीवर. मला तोंड उघडता येत नाही, मग उघडतं, आणि आत खारट लागतं. उशीच्या अभ्र्यावर तांदळाच्या दाण्याएवढा लाल ठिपका आहे, अजून ओला.

बाथरूमच्या आरशात मी जीभ बघते. टोकाशी दातांची खूण आहे, खोल. रक्त थांबलेलं नाही. शेवंती हलली का, ते मला दिसलं नाही.

मी तो शब्द म्हणून बघते. जीभ सुजली आहे. टाळूला टेकली की कळ येते आणि नुसता वाराच बाहेर पडतो. दुसऱ्यांदाही तेच. घरात कुणी नाही, मला घाई करायला कुणी नाही. मी आरशासमोर उभी राहते आणि पुन्हा सुरुवात करते.