पोतं कशानं फाटलं

मलकापुरात बियाण्याच्या गोदामात मी स्टोअरकीपर म्हणून लागले, तेव्हा तिथे थप्प्यांचं राज्य होतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हरभरा आणि सोयाबीनची पोती, एकावर एक रचलेली. आणि हवा असलेला लॉट हमखास मागच्या थप्पीत, तोही तळाशी. तो काढायचा म्हणजे पुढच्या तीन थप्प्या हलवायच्या. हमाल आकडे मारून पोती ओढणार, पोती फाटणार आणि मी ओरडणार. माझं ओरडणं रेल्वे फाटकापर्यंत ऐकू जातं, असं हमाल म्हणायचे. खोटं नव्हतं ते.

फाटलेली पोती दाराशी बसलेल्या मावशीपुढे जायची. पोती शिवणं हेच तिचं काम. साठीची, एकटी बाई. दाभण, सुतळीचा गुंडा आणि बसायला रिकामं गोणपाट, एवढा तिचा गोदामातला संसार. पोतं आलं की ती आधी भोकावरून अंगठा फिरवायची. "हे आकड्याचं. हे उंदराचं. अन् हे, बाई, सडलेलं हाये. खालून ओल आली." चुकली असं कधी झालं नाही.

काही वर्षांनी मालकांनी पॅलेटचे रॅक बसवायचं ठरवलं आणि आखणी माझ्या गळ्यात मारली. मी मोठ्या ऐटीत कागदावर रांगा काढल्या. इंचभर जागा वाया जाऊ दिली नाही. मावशीला सहज दाखवल्या, तर ती म्हणाली, "मावळतीच्या भिंतीले टेकवून राह्यल्या काय रॅक? उंदराची वाट तिथूनच हाये. मानूस झाडू घेऊन जाईन एवढी जागा सोडा."

मला राग आला. मी शिकलेली, आणि ही मला सांगणार! पण मावशीचं संपलं नव्हतं. कोपऱ्यात ओल येते, तिथला खालचा कप्पा रिकामा ठेवा. दारापाशी वळताना पोती घासतात, तिथे रस्ता रुंद करा. मी तणतणत जाऊन एकेक जागा पाहून आले आणि मुकाट्याने दुसरा कागद घेतला.

रॅक उभे राहिले. लोखंडी खांब, आडव्या पट्ट्या, कप्प्यांत पोती रचायच्या लाकडी चौकटी, म्हणजे पॅलेट, आणि प्रत्येक पॅलेटला समोरून वाट. कोणताही लॉट काढा, दुसऱ्याला हात लावायची गरज नाही. हमालांनी आकडे खिळ्याला टांगले. माझा ओरडा बंद झाला. मी अगदी हरखून गेले होते.

पंधराएक दिवसांनी माझं लक्ष दाराकडे गेलं. मावशी बसली होती आणि तिच्यापुढे एकही पोतं नव्हतं. ती सुतळीचा गुंडा उलगडून पुन्हा गुंडाळत होती. त्याच दिवशी मालकांनी विचारलं, "पोते तं फाटत नाईत, मावशीले आता कायले ठेवाचं?" मी वहीत डोकं घातलं.

शहाण्या माणसानं तिथेच भांडण केलं असतं. मी अक्कल गहाण टाकली. जेवणाच्या सुट्टीत कुणी नाही असं पाहून खालच्या कप्प्यातल्या एका पोत्यात गोदामाची किल्ली खुपसली आणि फिरवली. मग दुसऱ्या पोत्यात. "उंदीर झाले वाटते, मावशी," असं म्हणत ती पोती तिच्यापुढे ठेवली. तिनं शिवली. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी तिनं भोकावरून अंगठा फिरवला आणि हात पुढे केला. "बाई, किल्ली द्या पाहू."

मी किल्ली दिली. तिनं ती भोकात घातली. बरोब्बर बसली.

"उंदीर कुरतडते. आकडा वढते, त्याचं भोक लांब रायते. हे गोल फिरवलेलं हाये. मले पयल्याच दिवशी समजलं."

"मंग चार दिवस काऊन शिवले?"

"तुमी इतक्या मेहनतीनं फाडून राह्यल्या होत्या, म्हून."

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. ती मात्र हसली नाही. म्हणाली, "आता नोका फाडू. कोनाच्या तरी वावरात पेराचं बी हाये ते."

"मावशी, तुले मालूम होतं ना, रॅक आले का तुयं काम जाईन? मंग मले जागा कायले दाखवल्या?"

"अवं पोरी, फाटू नये म्हूनच तं शिवतो ना आपन."

इतक्या वर्षांत तिनं मला पहिल्यांदाच पोरी म्हटलं. मी तशीच उठून मालकांकडे गेले. पोती कुठे फाटणार हे आधीच सांगणारं माणूस घालवता काय, असं विचारलं. त्या दिवशी माझा आवाज रेल्वे फाटकाच्याही पलीकडे गेला म्हणतात.

आता मावशी रोज सकाळी रॅकच्या वाटांमधून फिरते. रिकाम्या पॅलेटवर अंगठा फिरवते, कुठे खिळा वर आलेला असला की ठोकून घ्यायला लावते. भिंतीकडची वाट झाडली नसेल तर हमालांना ती बोलते, मला तोंड उघडावं लागत नाही. माझ्या किल्लीच्या टोकाला मात्र तिनं सुतळीची एक टोपी शिवून दिली आहे. कुलूप उघडताना रोज ती काढावी लागते, आणि उघडून झालं की मी ती परत घालते.